नोंदवही आणि आठवण
(बेसबॉलच्या काही संस्मरणीय सामन्यांची कथा)

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात पिट्सबर्ग नावाचे शहर आहे. पोलादाच्या कारखान्यांमुळे एके काळी ते साऱ्या जगास ठाऊक होते. ह्या शहरातील विद्यापीठाच्या परिसरात विटांची एक जुनी भिंत व तिच्याशेजारी एक उंच ध्वजस्तंभ उभा आहे. एरवी ह्या भिंतीकडे कोणी फारसे लक्ष देत नसेल. पण १३ ऑक्टोबरच्या दुपारी मात्र तेथे माणसांची दाटी होते. घडीच्या खुर्च्या मांडल्या जातात, वृद्धांबरोबर तरुण येऊन बसतात, आणि मग एक जुने ध्वनिमुद्रण सुरू होते. १३ ऑक्टोबर १९६० रोजी ह्याच जागी बेसबॉलचा एक सामना झाला, त्याचे नभोवाणीवरून केलेले ते धावते वर्णन असते. सामना कोणी जिंकला हे जमलेल्यांपैकी प्रत्येकास माहीत असते. तरीही अडीच तासांहून अधिक वेळ सारे कान देऊन ऐकत राहतात. मुद्रण अशा बेताने सुरू केलेले असते की, ज्या टोल्याने सामन्याचा निकाल लागला तो टोला बरोबर ३ वाजून ३६ मिनिटांनी ऐकू यावा; कारण १९६० साली तो त्याच मिनिटास मारला गेला होता.

ही प्रथा कोणा संस्थेने ठराव करून पाडलेली नाही. १९८५ साली पिट्सबर्गचा एक रसिक मनुष्य एकटाच ध्वनिमुद्रण घेऊन ह्या भिंतीशी येऊन बसला, आणि त्याने तो सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. पुढे त्यास सोबती मिळत गेले, व एकाची लहर शहराचा वार्षिक सोहळा होऊन बसली.

परक्या मनुष्यास ह्याचे नवल वाटणे साहजिक आहे. ज्या सामन्याचा निकाल छापलेला आहे, ज्यातील प्रत्येक फटक्याची नोंद कोणत्याही ग्रंथालयात मिळू शकते, तो पुनःपुन्हा ऐकण्यात काय साधते? बेसबॉलइतका बारकाईने नोंदला गेलेला खेळ जगात विरळा. मग नोंदवही जवळ असता रसिकांनी आठवणीस एवढे का जपावे? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे त्या खेळाच्या इतिहासातील एक मनोरंजक गोष्ट ध्यानात येते. नोंद आणि आठवण ह्या दोघींचे तेथे सख्ख्या बहिणींचे भांडण आहे. कधी नोंद आठवणीस खोटे पाडते, कधी आठवण नोंदीचे पाप उघडे करते, आणि कधी दोघीही मिळून चुकतात.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेणे सोयीचे होईल. ज्यांस क्रिकेट ठाऊक आहे त्यांस ती अवघड नाही. दोन्ही बाजूंस नऊ नऊ खेळाडू असतात व सामना नऊ डावांचा असतो. प्रत्येक डावात प्रत्येक बाजूस तीन फलंदाज बाद होईपर्यंत खेळावयास मिळते. मैदानाच्या एका टोकास नव्वद नव्वद फुटांच्या अंतरावर चार ठाणी असतात. त्यांस बेस म्हणतात. फलंदाजाने चेंडू टोलवून पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या बेसवरून फेरी पुरी करीत मूळ ठाण्याशी परतावे, म्हणजे एक धाव होते. चेंडू हद्दीच्या भिंतीवरून पार पलीकडे गेला, तर फलंदाज व बेसवर उभे असलेले त्याचे सोबती ह्या सर्वांस निर्वेधपणे घरी परतता येते. ह्यास होम रन म्हणतात. क्रिकेटमधील षटकाराने होतो तोच आनंद येथे होतो. फरक एवढाच की षटकार एका डावात अनेक पडतात, आणि होम रन एखादाच पडतो व पुष्कळदा सामनाच फिरवून जातो.

ह्या खेळाची नोंदवही लिहावयास शिकवणारा गृहस्थ मूळचा क्रिकेटचा वार्ताहर होता, ही गोष्ट आपल्याकडील वाचकांस गंमतीची वाटेल. हेन्री चॅडविक हा १८२४ साली इंग्लंडातील एक्सेटर येथे जन्मला व लहानपणीच अमेरिकेत गेला. क्रिकेटच्या धावफलकाचा संस्कार त्याच्या मनावर होता. तोच नमुना पुढे ठेवून त्याने १८५९ च्या सुमारास बेसबॉलच्या सामन्याचे कोष्टक सिद्ध केले, व खेळाडूंच्या जागांस आणि घटनांस आकडे व अक्षरे यांच्या खुणा दिल्या. ह्या पद्धतीची गोडी अशी की, सामन्यास जाणारा सामान्य प्रेक्षकही हातात पेन्सिल घेऊन प्रत्येक चेंडूची टिपणी करतो, आणि पन्नास वर्षांनी तो कागद उघडला तरी त्या दुपारचा सगळा खेळ त्यावरून पुन्हा उभा करता येतो.

इतकी दक्षता असलेल्या ह्या खेळास स्वतःचा जन्म मात्र नीट आठवला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी, हा खेळ मूळ इंग्रजांचा की अस्सल अमेरिकन, असा वाद माजला, व तो सोडविण्यासाठी १९०५ साली एक मंडळ नेमण्यात आले. ॲबनर ग्रेव्ह्ज नावाच्या एका वृद्ध खाण-अभियंत्याने पत्र लिहून कळविले की, आपल्या बालपणी कूपर्सटाऊन गावी ॲबनर डबलडे ह्याने हा खेळ शोधून काढला. मंडळाने १९०७ च्या अखेरीस १८३९ हे साल मुक्रर करून ती आठवण इतिहास म्हणून मान्य केली. डबलडे हा पुढे यादवी युद्धात नाव मिळविलेला सेनानी. त्यामुळे राष्ट्राच्या अभिमानास ही कथा फारच मानवली. वस्तुतः १८३९ साली डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकत होता, आणि हा खेळ चेंडूफळीच्या जुन्या इंग्रजी खेळांतून हळूहळू घडत आला, हे आता सर्वमान्य आहे. परंतु १२ जून १९३९ रोजी, त्या कल्पित जन्माची शताब्दी साधून, कूपर्सटाऊन येथे बेसबॉलचे कीर्तिमंदिर व संग्रहालय उघडण्यात आले. कथा खोटी ठरली तरी मंदिर जागचे हलले नाही, आणि दरवर्षी लक्षावधी पावले त्या गावाकडे वळतात.

एका वृद्धाची आठवण चुकते हे समजण्याजोगे आहे. पण हजारो माणसांनी एकाच क्षणी एकच गोष्ट पाहिली असता काय होते? १ ऑक्टोबर १९३२ रोजी शिकागोच्या रिगली फील्ड मैदानावर न्यूयॉर्क यांकीज व शिकागो कब्ज ह्यांचा जागतिक अजिंक्यपद मालिकेतील तिसरा सामना चालू होता. पाचव्या डावात बेब रूथ फलंदाजीस आला. विरुद्ध संघाचे खेळाडू त्याची यथेच्छ टवाळी करीत होते. रूथने हात वर करून काही खूण केली, आणि चार्ली रूट ह्या गोलंदाजाच्या चेंडूवर मध्यभागी प्रचंड होम रन मारला. चेंडू कोठे धाडणार हे त्याने बोट दाखवून आधीच सांगितले, अशी दंतकथा तेव्हापासून चालू झाली. रूट जन्मभर हे नाकारीत राहिला. त्याचे म्हणणे असे की, रूथने तसे बोट दाखविले असते तर पुढचा चेंडू त्याच्या अंगावरच आला असता! पुढे १९९० नंतर त्या सामन्यात एका हौशी प्रेक्षकाने घेतलेले चलच्चित्र प्रसिद्धीस आले. त्यात रूथचा हात वर झालेला दिसतो. पण तो भिंतीकडे आहे, गोलंदाजाकडे आहे, की टवाळखोरांकडे आहे, ह्याचा निर्णय चित्रानेही लागत नाही.

त्या दिवशी प्रेक्षकांत शिकागोचा एक बारा वर्षांचा मुलगा होता. तो पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झाला. जॉन पॉल स्टीव्हन्स हे त्याचे नाव. त्या सामन्याचे नोंदपत्रक चौकटीत बसवून त्यांनी न्यायालयातील आपल्या दालनात लावले होते. रूथने बोट दाखविल्याचे आपण डोळ्यांनी पाहिले, असे ते अखेरपर्यंत सांगत. आयुष्यभर इतरांच्या साक्षी तोलणाऱ्या मनुष्याची ही साक्ष होती. तरीही प्रश्न सुटला नाही. आणि तो सुटू नये अशीच बहुधा रसिकांचीही इच्छा असावी.

मैदानावर असलेल्यांची ही कथा, तर मैदानापासून शेकडो मैल दूर असलेल्यांची काय सांगावी! व्यावसायिक बेसबॉलच्या सामन्याचे नभोवाणीवरील पहिले धावते वर्णन ५ ऑगस्ट १९२१ रोजी झाले. केडीकेए केंद्राच्या हॅरॉल्ड आर्लिनने ते फोर्ब्ज फील्ड मैदानावरून केले, आणि पिट्सबर्गने फिलाडेल्फियाचा ८-५ असा पराभव केल्याचे घराघरांत ऐकू आले. आरंभी सांगितलेली विटांची भिंत ही ह्याच फोर्ब्ज फील्डची. पुढे अनेक केंद्रांस दूरच्या गावी निवेदक पाठविणे परवडत नसे. अशा वेळी निवेदक केंद्रातच बसे, तारायंत्रावरून त्रोटक मजकूर येई, व त्यावरून तो सामना डोळ्यांसमोर असल्याप्रमाणे वर्णन करी. आयोवातील डे मॉइन येथे १९३० नंतरच्या दशकात रोनाल्ड रीगन नावाचा तरुण हे काम करीत असे. एकदा ऐन रंगात तार बंद पडली. ही गोष्ट श्रोत्यांस कळू नये म्हणून रीगनने फलंदाजास एकामागून एक चेंडू हद्दीबाहेर टोलवीत ठेवले, आणि तार पुन्हा चालू होईपर्यंत जवळजवळ सात मिनिटे काढली. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही रीगन ही हकीकत मोठ्या रंगाने सांगत. ज्या श्रोत्यांनी त्या दुपारी श्वास रोखून ते फटके ऐकले असतील, त्यांस ते खरेच आठवत राहिले असतील; आणि ते तर कधी मारलेच गेले नव्हते.

पण नभोवाणीवर ऐकलेली प्रत्येक आठवण खोटी असते असे नव्हे. १९५१ सालच्या मोसमात न्यूयॉर्क जायंट्स हा संघ ऑगस्टमध्ये ब्रुकलिन डॉजर्सच्या तेरा सामन्यांनी मागे पडला होता. तेथून त्याने एवढी मजल मारली की दोघे बरोबरीस आले, व अजिंक्यपदासाठी तीन जादा सामने ठरले. ३ ऑक्टोबर रोजी पोलो ग्राउंड्स मैदानावर शेवटचा सामना झाला. नवव्या डावाच्या आरंभी डॉजर्स ४-१ असे पुढे होते. जायंट्सने एक धाव काढली. दोघे बेसवर असता बॉबी थॉमसन फलंदाजीस आला, आणि राल्फ ब्रँका ह्याच्या दुसऱ्याच चेंडूवर त्याने होम रन मारून सामना ५-४ असा जिंकला. निवेदक रस हॉजेस ह्याने आनंदातिशयाने जायंट्स जिंकल्याचे ओरडून ओरडून, पुनःपुन्हा सांगितले. ते वर्णन पुढे इतके गाजले की, तो सामना म्हणजे तो आवाज असे समीकरण झाले.

हा आवाज आज ऐकावयास मिळतो तो केवळ एका श्रोत्यामुळे. सामन्याच्या वेळी तो कामावर होता. म्हणून शेवटच्या भागाचे मुद्रण करून ठेवण्यास त्याने घरी आईस सांगून ठेवले होते. हॉजेसला हे मुद्रण मिळाले तेव्हा त्याने त्याभोवतीही एक कथा रचली. आपण हरल्यावर रडू ते ऐकण्यासाठी डॉजर्सच्या एका चाहत्याने हे मुद्रण केले, असे तो सांगे. वास्तविक तो श्रोता ब्रुकलिनचा रहिवासी खरा, पण भक्त जायंट्सचा होता. मैदानावर त्या दिवशी ३४,३२० प्रेक्षक होते व शेकडो ओळी रिकाम्या होत्या. परंतु तो टोला आपण समक्ष पाहिला असे सांगणारांची संख्या पुढे वर्षानुवर्षे वाढतच गेली.

ह्या गोड आठवणीस पन्नास वर्षांनी एक कडू चव आली. २००१ साली वॉल स्ट्रीट जर्नल ह्या वृत्तपत्रात जोशुआ प्रेगर ह्यांनी सप्रमाण दाखवून दिले की, त्या मोसमाच्या उत्तरार्धात जायंट्सचा एक माणूस मैदानाच्या टोकास असलेल्या खोलीतून दुर्बिणीने विरुद्ध संघाच्या खुणा वाचीत असे, आणि विजेच्या घंटीने त्या आपल्या बाजूस कळवीत असे. त्या अखेरच्या चेंडूची खूण आपणास मिळाली नव्हती, असे थॉमसनचे सांगणे होते. ब्रँकाच्या कानी ह्या प्रकाराची कुणकुण कित्येक वर्षे आधीच आली होती. तरीही तो ह्याविषयी उघडपणे बोलला नाही. दोघे समारंभांत शेजारी शेजारी उभे राहत, लोकांस स्वाक्षऱ्या देत, व एक हसतमुख जेता आणि दुसरा हसतमुख पराजित अशी आपापली भूमिका निभावीत. नोंदवहीत ५-४ हा आकडा आजही तसाच आहे. त्या आकड्याकडे पाहणाराची दृष्टी मात्र आता पूर्वीची राहिलेली नाही.

आठवण जशी प्रेमळ असते तशी ती निष्ठुरही होऊ शकते. २३ सप्टेंबर १९०८ रोजी ह्याच पोलो ग्राउंड्सवर जायंट्स व कब्ज ह्यांच्यात १-१ अशी बरोबरी होती. नवव्या डावात दोघे बाद झाले असता जायंट्सचा फ्रेड मर्कल पहिल्या बेसवर व दुसरा एक खेळाडू तिसऱ्यावर होता. मर्कलचे वय अवघे एकोणीस वर्षांचे. पुढच्या फलंदाजाने चेंडू टोलविला, तिसऱ्यावरचा खेळाडू घरी आला, सामना जिंकला अशा समजुतीने प्रेक्षक मैदानात घुसले, आणि मर्कल दुसऱ्या बेसला पाय न लावताच माघारी फिरला. त्या काळी बहुतेक सर्वजण असेच करीत. परंतु नियमाचे अक्षर निराळे होते. कब्जच्या जॉनी एव्हर्सने चेंडू मागवून दुसऱ्या बेसला पाय लावला, व पंच हँक ओडे ह्याने मर्कलला बाद ठरविले. तीन आठवड्यांपूर्वीच पिट्सबर्ग येथे एव्हर्सने असाच आक्षेप घेतला होता, व ह्याच ओडेने तो फेटाळला होता. सामना बरोबरीत सुटला असे जाहीर झाले. ८ ऑक्टोबरला तो पुन्हा खेळविला गेला, व तो ४-२ असा जिंकून कब्ज अजिंक्य ठरले.

मर्कल त्यानंतरही अनेक वर्षे उत्तम खेळला. त्याचे व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ ह्यांनी त्यास कधीही दोष दिला नाही. पण लोकांनी त्यास मठ्ठ अशा अर्थाचे एक टोपणनाव दिले, व ते जन्मभर त्याच्या पाठीस चिकटून राहिले. अखेर १९५० साली जुन्या खेळाडूंच्या मेळाव्यासाठी तो पोलो ग्राउंड्सवर आला तेव्हा प्रेक्षकांनी त्याचे टाळ्यांच्या कडकडाटात स्वागत केले. एका पावलाच्या चुकीची शिक्षा बेचाळीस वर्षांनी अशी माफ झाली. सहा वर्षांनंतर मर्कल वारला.

नोंदवहीची निष्ठुरता ह्याहून वेगळ्या जातीची असते. बेसबॉलमध्ये एखाद्या गोलंदाजाने सबंध सामन्यात एकाही विरुद्ध खेळाडूस पहिल्या बेसपर्यंत पोहोचू दिले नाही, तर त्यास निर्दोष सामना म्हणतात. प्रमुख संघांच्या दीड शतकाच्या इतिहासात २०२३ च्या अखेरपर्यंत असे अवघे २४ सामने नोंदले गेले. २६ मे १९५९ रोजी पिट्सबर्गचा डावखुरा गोलंदाज हार्वे हॅडिक्स ह्याने मिलवॉकी येथे नऊ नव्हे तर बारा डाव निर्दोष टाकले. ओळीने छत्तीस फलंदाज आले आणि छत्तीस परत गेले. पण त्याच्या सोबत्यांनाही एक धाव काढता आली नाही, म्हणून खेळ पुढे चालू राहिला. तेराव्या डावात एका क्षेत्ररक्षकाची चूक झाली, आणि पाठोपाठ ज्यो ॲडकॉकने चेंडू भिंतीपलीकडे धाडला. त्यातही गोंधळ असा की, पुढचा धावपटू मध्येच मार्ग सोडून वळल्यामुळे ॲडकॉक त्याच्या पुढे गेला व होम रन रद्द होऊन निकाल १-० असा लागला. हॅडिक्स हरला. १९९१ साली नोंदींच्या व्याख्या कडक करण्यात आल्या, तेव्हा मानाच्या यादीतूनही हा सामना वगळला गेला. ही बातमी ऐकून हॅडिक्सने शांतपणे एवढेच म्हटले की, आपण काय केले ते आपणास ठाऊक आहे.

ह्याच्या जोडीस २ जून २०१० चा डेट्रॉइट येथील सामना ठेवता येईल. आर्मांडो गॅलारागा ह्या गोलंदाजाने ओळीने सव्वीस फलंदाज बाद केले होते. सत्ताविसावा व शेवटचा फलंदाज पहिल्या बेसवर स्पष्टपणे बाद होता. पण पंच जिम जॉइस ह्याने तो नाबाद असल्याचा निर्णय दिला. गॅलारागा किंचित हसला, पुन्हा आपल्या जागी गेला, आणि पुढचा फलंदाज बाद करून त्याने सामना संपविला. नंतर चित्र पाहताच जॉइसला आपली चूक कळली. त्याने ती सर्वांसमक्ष कबूल केली व गॅलारागाची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी संघाची यादी पंचाच्या हाती देण्यास गॅलारागाच आला, तेव्हा जॉइसच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. अधिकाऱ्यांनी निर्णय फिरविला नाही. मानाच्या यादीत तो सामना आजही नाही. पण त्यातील कित्येक निर्दोष सामन्यांची नावे घेता येणार नाहीत असे लोकही गॅलारागाचे नाव विसरलेले नाहीत.

हा झाला एका निर्णयाचा अन्याय. ह्याहून फार मोठा अन्याय नोंदवहीने कित्येक वर्षे मुकाट्याने केला. कृष्णवर्णीय खेळाडूंस प्रमुख संघांत मज्जाव होता. त्यांनी आपले निराळे संघ काढले, व १९२० साली रुब फॉस्टरच्या पुढाकाराने त्यांची पहिली टिकाऊ संघटना उभी राहिली. ह्या संघांतील जॉश गिब्सन हा पिट्सबर्गचाच. होमस्टेड ग्रेज व पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स ह्या दोन संघांकडून तो खेळला. ग्रेजचे अनेक सामने फोर्ब्ज फील्डवरच होत. त्याच्या फटक्यांच्या गोष्टी सांगणारे शेकडो होते, पण त्या पडताळून पाहण्यास अधिकृत नोंदवहीत पान नव्हते. गिब्सन २० जानेवारी १९४७ रोजी पस्तिसाव्या वर्षी वारला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला व वर्णभेदाची ती भिंत कोसळली.

पुढे अभ्यासकांनी पिट्सबर्ग कुरिअर, शिकागो डिफेंडर अशा कृष्णवर्णीयांच्या जुन्या वृत्तपत्रांचे अंक चाळून एकेक सामन्याचे कोष्टक गोळा केले. डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ ह्या काळातील त्यांच्या संघटनांस प्रमुख दर्जा असल्याचे मान्य झाले, आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे मुख्य नोंदीत सामील करण्यात आले. फलंदाजीच्या सरासरीत टाय कॉब जवळजवळ शंभर वर्षे पहिल्या स्थानावर होता. .३७२ च्या सरासरीने गिब्सनचे नाव आता त्याच्या वर चढले. त्या संघांचे मोसम लहान होते व कित्येक सामन्यांची कोष्टके कायमची हरवली आहेत, असा आक्षेप काहींनी घेतला. तो खरा आहे. पण कोष्टके का हरवली, हे सांगितल्यावाचून तो आक्षेप पुरा होत नाही. ह्या ठिकाणी प्रथम आठवणीनेच साक्ष दिली, आणि नोंदवही तिच्या मागून सत्तर वर्षांनी आली.

आता पुन्हा त्या भिंतीकडे वळावयास हरकत नाही. १९६० च्या जागतिक मालिकेत न्यूयॉर्क यांकीज ह्या बलाढ्य संघाने सात सामन्यांत मिळून ५५ धावा केल्या, व पिट्सबर्ग पायरेट्सने अवघ्या २७. तरीही शेवटच्या दिवशी दोघांचे तीन तीन विजय झाले होते. सातव्या सामन्यास ३६,६८३ प्रेक्षक हजर होते. पिट्सबर्ग ४-० असे पुढे गेले. यांकीजनी ७-४ अशी आघाडी घेतली. आठव्या डावात जमिनीवरून येणारा एक साधा चेंडू खड्यावर आपटून उसळला व यांकीजच्या टोनी क्युबेकच्या गळ्यावर बसला. तेथून पारडे फिरले. हॅल स्मिथने तीन धावांचा होम रन मारला व पिट्सबर्ग ९-७ असे पुढे झाले. यांकीजनी पुन्हा ९-९ अशी बरोबरी केली. नवव्या डावाच्या उत्तरार्धात पहिलाच फलंदाज बिल मॅझेरोस्की आला. त्याने राल्फ टेरीचा चेंडू डाव्या बाजूच्या भिंतीपार धाडला, आणि सामना १०-९ असा संपला. स्मिथचा टोला एरवी शहराने पिढ्यानपिढ्या गायिला असता. पण एका तासात तो मागे पडला.

ह्या सामन्याचे संपूर्ण चित्र कायमचे नष्ट झाले असे पन्नास वर्षे सर्वजण समजत होते. सुप्रसिद्ध गायक बिंग क्रॉस्बी हा पायरेट्सच्या मालकांपैकी एक. सामना पाहण्याचा धीर न झाल्याने तो पॅरिसला निघून गेला व तेथे त्याने नभोवाणीवर वर्णन ऐकले. मात्र जिंकल्यास पाहता यावा म्हणून दूरचित्रवाणीवरील सामन्याचे चित्रण करून ठेवण्यास त्याने सांगितले होते. त्याच्या घरच्या मद्याच्या थंड तळघरात त्या चित्रफितीची पाच रिळे डिसेंबर २००९ मध्ये सापडली. आता ज्यास पाहिजे त्यास आपली आठवण त्या चित्राशी ताडून पाहता येते.

असे असूनही भिंतीशी जमणारे लोक ऐकतात ते नभोवाणीचे वर्णनच. त्यात एक ढळढळीत चूक आहे. शेवटचा चेंडू टेरीने टाकला असता, निवेदक चक थॉम्पसन ह्याच्या तोंडून गडबडीत दुसऱ्याच गोलंदाजाचे, आर्ट डिटमारचे, नाव निघून गेले. ज्या भिंतीशी हे लोक बसतात तीही नेमकी ती नव्हे. चेंडू ज्या भागावरून पलीकडे गेला तो भाग मैदान पाडले तेव्हाच नाहीसा झाला. त्याची जागा विटांच्या रेषेने व पदपथावरील एका फलकाने दाखविली आहे. चुकीचे नाव आणि शेजारची भिंत, हे जमलेल्या बहुतेकांस ठाऊक असते. ज्यास अचूक माहिती पाहिजे त्याने कोष्टक पाहावे. तेथे टेरीचे नाव स्वच्छ लिहिलेले आहे. त्याच कोष्टकात विजयी गोलंदाज म्हणून जे नाव आहे, ते वाचून जाणत्या रसिकाचा जीव क्षणभर थबकतो. नवव्या डावात ऐनवेळी मदतीस आलेला तो डावखुरा गोलंदाज म्हणजे, दीड वर्षापूर्वी बारा निर्दोष डाव टाकून हरलेला हार्वे हॅडिक्स.

घड्याळात ३ वाजून ३६ मिनिटे होतात. यंत्रातून थॉम्पसनचा आवाज येतो, चुकीचे नाव घेतो, आणि भिंतीशी बसलेले सारे उठून टाळ्या पिटतात. त्यांत १९६० साली मैदानात असलेले थोडे, आणि त्या वेळी जन्मासही न आलेलेच पुष्कळ.